फूंग काम वेंग यांस पोचावे

संग्रह करणं एक वेळ जमतं. केलेला संग्रह ठेवायचा कसा, हे मात्र कुणी शिकवत नाही. फूंगसाहेबांना ते शिकवायचं काम वाळवीने अंगावर घेतलं.

मलेशियातल्या इपोहच्या रेल्वे पार्सल ऑफिसात ज्यांनी जन्मभर लोकांची पार्सलं बिनचूक जागी पोचवली, ते हे फूंग काम वेंग. गावात आलेलं एकही कँटोनीज संगीत नाटक त्यांनी सोडलं नव्हतं, आणि एकाही नाटकाहून ते रिकाम्या हाताने परतले नव्हते. तिकिटाचा अर्धा तुकडा, कार्यक्रमपत्रिका, मध्यंतरात वाटलेला नायिकेच्या फोटोचा पुठ्ठ्याचा पंखा, असं सगळं ते शर्टाच्या आत पोटाशी धरून घरी आणत. त्यांच्या लेखी तो रंगभूमीचा इतिहास होता. त्यांच्या पत्नीच्या, लाय क्वानबाईंच्या लेखी ती रद्दी होती. मन प्रसन्न असलं की त्या 'तुमची रद्दी' म्हणत, एवढाच काय तो फरक.

तर एके सकाळी फूंगसाहेबांनी लाकडी कपाट उघडलं आणि इतिहासाचा एक सबंध खण भुसा होऊन त्यांच्या पायावर सांडला. वाळवीला नाटकाची चांगली जाण असावी. पडेल नाटकं तिने वगळली होती आणि गाजलेली तेवढी खाल्ली होती. फूंगसाहेब त्या दिवशी जेवले नाहीत.

माणूस जेवत नाही म्हटल्यावर गल्ली सल्ला द्यायला मोकळी होते. शेजारच्या थाँग आंटी सर्वांत आधी आल्या. "अंकल, पत्र्याच्या पेटीत ठेवा. पत्रा कुणी खात नाही." पत्रा कुणी खाल्ला नाही, हे खरं, पण आमच्या दमट हवेत त्याला आतून घाम फुटला आणि पत्रिकांवर गंजाचे डाग उमटले. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याने प्लॅस्टिकच्या पिशव्या सुचवल्या. काही आठवड्यांनी पिशवी सोलून काढली, तर नायिकेचा चेहरा पिशवीबरोबर निघून आला आणि पत्रिकेवर नुसता अंबाडा उरला. मग कुणीतरी म्हणालं, थंड जागी ठेवा. फूंगसाहेबांनी एक गठ्ठा फ्रिजमध्ये खारवलेल्या माशाशेजारी ठेवला. पुढे त्या पत्रिका थाँग आंटींच्या मांजरीने चाटून चाटून पाहिल्या. 'चला, हिला तरी कदर आहे,' असं त्यावर फूंगसाहेबांच्या मनात आलं. यावरून माणूस किती खचला होता ते समजून घ्यावं.

अशा अवस्थेत गावातल्या फूंग आडनावाच्या लोकांच्या कुलमंडळाचा निरोप आला. मंडळाच्या सभागृहात काचेचं एक कपाट रिकामं होतं. तिथे 'श्री. फूंग काम वेंग यांचा नाट्यसंग्रह' मांडायचा, खाली पितळी पाटी लावायची. चालू होता चिनी पंचांगाचा सातवा महिना, म्हणजे पितर मोकळे सुटण्याचा. त्यात शुभकार्य करता येत नाही, तेव्हा उद्‌घाटन आठव्या महिन्यात. अट एकच: संग्रह नीट लावून, चांगल्या पेटीत घालून, वर नाव-पत्ता घालून पोचता करायचा. फूंगसाहेबांच्या नावाची पाटी आयुष्यात कुठेच लागली नव्हती. ऑफिसात त्यांच्या डोक्यावर एक पाटी होती, पण तिच्यावर 'चौकशी येथे करू नये' असं लिहिलेलं होतं.

चांगली पेटी म्हणजे कसली, हे ते वस्तुसंग्रहालयात काम केलेल्या एका गृहस्थांना विचारून आले. कागद कागदातच सुखी असतो, तेव्हा जाड कागदी थरांची, श्वास घेणारी पेटी हवी आणि ती परदेशातून मागवावी लागते, असं कळलं.

"परदेशातून कशाला?" थाँग आंटी म्हणाल्या. "आपला लियू मास्तर काय मेलाय?"

लियू मास्तर मेला नव्हता. मेलेल्यांवरच त्याचं पोट होतं. कागदाचे बंगले, कागदाच्या मोटारी, कागदाच्या मोलकरणी आणि कपड्यालत्त्याने भरलेल्या कागदाच्या पेट्या तो बनवायचा. इकडे जाळलं की तिकडे ज्याच्या नावाने जाळलं त्या पितराला पोचतं. सातव्या महिन्यात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसे, पण फूंगसाहेबांचं काम ऐकून तो खूश झाला. न जाळण्यासाठी पेटी मागणारं हे त्याचं पहिलंच गिऱ्हाईक.

"मास्तर, टिकेल ना?" फूंगसाहेबांनी विचारलं.

"साहेब, माझ्या मालाबद्दल आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आलेली नाही."

पेटी झाली सुरेख. बांबूची चौकट, खळीने डकवलेले थरावर थर, कडेला निळी नक्षी. प्रश्न उभा राहिला तो घरी.

"त्या दुकानातली वस्तू उंबऱ्याच्या आत आली तर मी माहेरी जाईन," लाय क्वानबाईंनी जाहीर केलं.

"अगं, तुझं माहेर आता उरलंय कुठे? सगळे वारले."

"मग त्यांच्याकडे जाईन!"

पेटी घरी येऊ शकत नव्हती, तेव्हा संग्रहच पेटीकडे गेला. फूंगसाहेब रोज छत्री उघडून, छत्रीखाली गठ्ठे घेऊन दुकानात जात आणि कागदी मोलकरणींच्या देखरेखीखाली जमिनीवर बसून पत्रिका लावत. वाळवीने सोडलेलं, गंजाने डागाळलेलं, मांजरीने चाटलेलं, सगळं त्यांनी वर्षावार रचलं. मधेच एखादं अर्धं तिकीट हातात घेऊन बसून राहत. त्या नाटकात पाऊस पडल्यावर नायिका कशी नुसती मान वळवायची, ते लियू मास्तरला करून दाखवत. लियू मास्तर तोंडात दोरा धरून "हं, हं" करत दुसऱ्याच्या आजोबांचा बंगला शिवत असे.

शेवटी नाव घालायची वेळ आली. लियू मास्तरचं अक्षर अख्ख्या गावात नावाजलेलं. त्याने सोनेरी कागदावर ब्रशने झोकात 'फूंग काम वेंग' लिहिलं, खाली गल्ली, गाव लिहिलं, आणि जन्माची सवय असलेला हात न थांबता पुढे 'यांस पोचावे' असंही लिहून गेला.

"हे काय?" फूंगसाहेब दचकले.

"असू द्या हो. पोचायचंच आहे ना कुलमंडळात?"

पार्सल ऑफिसात आयुष्य गेलेल्या माणसाला 'पोचावे' या शब्दाबद्दल हरकत घेता येईना. खळ अजून ओली होती, म्हणून पेटी परवापर्यंत दुकानातच राहू द्यायचं ठरलं. हा निर्णय दोघांनी मिळून घेतला, हे लक्षात ठेवलेलं बरं, कारण पुढे दोघंही तो दुसऱ्याचा होता असं सांगू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लियू मास्तर जेवायला गेला असताना भाजीबाजाराच्या व्यापारी संघाची लॉरी आली. संघाचा सार्वजनिक होम त्याच संध्याकाळी होता. दुकानात मास्तरची मेहुणी बसली होती. तिला एकच नियम ठाऊक होता: नाव घातलेला माल तयार, बिननावाचा बाकी. तिने हमालांना बोटाने दाखवलं आणि परत पंख्याखाली बसली.

संध्याकाळी बाजाराच्या मैदानात पितरांसाठी नाटक होतं. पितरांसाठी म्हणजे अक्षरशः. पहिली रांग त्यांच्यासाठी मोकळी ठेवतात, जिवंत माणसाने त्या खुर्च्यांना हातही लावायचा नसतो. फूंगसाहेबांना म्हणूनच हा महिना आवडे. दुसऱ्या रांगेत बसलं की पुढे कुणाचं डोकं म्हणून येत नाही. एका बाजूला लाय क्वानबाई, दुसऱ्या बाजूला थाँग आंटी, समोर रंगमंच आणि त्याच्या डाव्या हाताला मैदानात रचलेला कागदी सामानाचा ढीग. निळ्या तोंडाच्या महाराजांचा दोन पुरुष उंच कागदी पुतळा त्या ढिगाशेजारी डोळे वटारून उभा होता. मोकळ्या सुटलेल्या साऱ्या पितरांवर देखरेख करायची ती त्यांनीच.

ढीग पेटला. फूंगसाहेबांची नजर ज्वाळांमधल्या एका पेटीवर गेली.

"काय सुबक काम आहे!" ते म्हणाले. "लियूचा हात लपत नाही."

"कुणा भाग्यवंताची असेल," लाय क्वानबाई उसासल्या. "पोरांनी हौसेने पाठवलेली दिसतेय. आपला मेलबर्नला बसलाय, तो काय पाठवणार आपल्याला!"

फूंगसाहेबांनी त्या अज्ञात भाग्यवंताला मनोभावे हात जोडले. तेवढ्यात आगीतून उडालेला एक अर्धवट जळका कागद तरंगत आला आणि थाँग आंटींच्या केसांवर बसला. फूंगसाहेबांनी तो अलगद उचलला. त्यावर खोकल्याच्या औषधाची जाहिरात होती: गालफडं बसलेला म्हातारा आणि बाटली.

"अरे वा!" फूंगसाहेब खुलले. "ही 'सेनापतीची तिसरी सून'च्या पत्रिकेतली. पुढच्या खेपेला कंपनीने औषधवाला बदलला, त्यामुळे हा म्हातारा फक्त पहिल्या छपाईत आहे. फार दुर्मीळ! अख्ख्या मलेशियात एक प्रत सापडली तर शपथ."

"तुमच्याकडे आहे ना पण?" लाय क्वानबाई जांभई देत म्हणाल्या.

"माझ्याकडे आहे म्हणून तर ओळखला. माझ्या प्रतीला ह्याच कोपऱ्यावर कॉफीचा डाग आहे. हा बघ, अगदी असाच..."

पुढचं वाक्य आलं नाही. आला तो एक आवाज, जो रंगमंचावरच्या झांजांनाही ऐकू गेला. फूंगसाहेब उठले आणि आगीकडे धावले. धावताना पाय अडखळला आणि ते पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीत सपशेल बसले.

नाटक थांबलं. झांजवाल्याचे हात वरच राहिले. हमालांनी फूंगसाहेबांना उचललं तोवर पेटीचा राखेचा चौकोन झाला होता आणि सोनेरी कागद जाता जाता एकदा झळकून गेला होता. मागच्या चार रांगांनी तो वाचला.

खरी शोभा दुसऱ्या दिवशी सुरू झाली. फूंगसाहेब पुढच्या दारात हताश बसले होते. सांत्वनाला माणसांची रीघ लागली, पण संग्रहाबद्दल कुणी चकार शब्द काढीना.

"माझ्या पत्रिका गेल्या हो," ते प्रत्येकाला सांगत.

"पत्रिकांचं काय घेऊन बसलात, अंकल!" थाँग आंटी कपाळाला हात लावून म्हणाल्या. "जिवंत माणसाच्या नावे माल गेलाय! तिकडे आता तुमची वाट बघत असतील. वर तुम्ही खुर्चीतही बसून आलात. सामान पुढे पाठवलंत, जागा धरून ठेवलीत, आता काय गाडी सुटायचीच बाकी!"

गल्लीचा सूर पालटला. कॉफीवाला त्यांच्यासमोर कप ठेवताना दोन्ही हातांनी ठेवू लागला, जसा देव्हाऱ्यात ठेवतात. चौघांनी मिळून खेळायच्या माजाँगच्या नेहमीच्या मित्रांनी चौथा भिडू शोधून ठेवला, 'नुसतं आपलं असावं म्हणून'. कुलमंडळाच्या चिटणीसांचा फोन आला. काचेच्या कपाटाचा प्रश्न अर्थातच निकालात निघाला होता, पण कैलासवासी सभासदांच्या भिंतीवर जागा आहे, आणि फोटो कुठला लावायचा ते साहेबांनी स्वतःच सांगितलं तर घरच्यांना नंतर त्रास नको, असं त्यांनी फार आदबीने सुचवलं. फूंगसाहेबांनी फोन आपटला. आपटताना बोट चेमटलं, तर लाय क्वानबाई किंचाळल्या, "बघा, सुरुवात झाली!"

त्या मात्र खरोखरच घाबरल्या होत्या. फूंगसाहेब खोकले की त्या भाजी चिरता चिरता थांबत. त्यांना जिना एकट्याने उतरू देत नसत. शेवटी त्यांनी नवऱ्याला धरून बाजाराच्या देवळात नेलं. देवस्थान समितीचे सचिव चुई हे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे कुठलीही गोष्ट लगेच होत नाही यावर त्यांची श्रद्धा होती.

"पत्ता चुकला असता तर सोपं होतं," ते चष्मा पुसत म्हणाले. "पत्ता बरोबर आहे, हाच घोटाळा आहे."

"माल परत आणता येईल का?" फूंगसाहेबांनी विचारलं. आवाजात आशा होती, ती त्यांनाच लाज वाटून त्यांनी लपवली.

"छे! तसा प्रकारच नाही. पण नाव बदलून मिळतं. ज्याच्या नावे गेलंय त्याने महाराजांसमोर उभं राहून मोठ्याने म्हणायचं: हा माल माझा नाही, माझा त्यावर काही हक्क नाही, तो अमक्याला द्यावा. उद्या महाराजांच्या पुतळ्याला अग्नी दिला की ते सगळा कारभार आटपून परत जातात. मग कुणाच्या बापालाही काही करता येणार नाही."

"अमका म्हणजे कोण?"

"कुणीही चालेल. फक्त मेलेला हवा."

"माझे वडील!" लाय क्वानबाई लगेच म्हणाल्या.

"तुझे वडील?" फूंगसाहेबांचा चेहरा उतरला. "मी एकदा त्यांना नाटकाला नेलं, तर पहिल्या अंकात घोरले आणि दुसऱ्या अंकात पत्रिकेच्या पुडीत शेंगदाण्याची टरफलं भरत बसले."

"बरं मग? भरू देत टरफलं! तुमच्या जिवापेक्षा जास्त आहे का ते?" त्यांचे डोळे भरून आले. "अहो, म्हणून टाका ना एकदाचं. एवढंसं वाक्य."

होमानंतर महाराजांचा पुतळा देवळात आणून ठेवला होता, त्याच्यासमोर फूंगसाहेब जाऊन उभे राहिले. उदबत्त्यांचा धूर डोळ्यांत जात होता. निळं तोंड त्यांच्याकडे वटारून बघत होतं. त्यांनी घसा साफ केला. "हा माल..." ते म्हणाले, आणि अडकले.

वाक्य खरंच एवढंसं होतं. पण त्यांना एकदम दिसलं की लहानपणापासून घर काकाचं, मग खुर्ची सरकारची, मग मुलगा परदेशाचा. जे खरोखर आपलं म्हणावं ते एवढंच होतं: अंधारात बसून पाहिलेलं, आणि उजेडात येताना मुठीत उरलेलं अर्धं तिकीट. ते जळलं तेव्हा दुःख झालं होतं. पण ते कधी माझं नव्हतंच, असं आपल्या तोंडाने सांगायचं, आणि तेही टरफलांसाठी, हे काही त्यांना झेपेना. साठी उलटलेल्या माणसाने देवळात हमसून रडू नये, पण फूंगसाहेब रडले.

"हा माल माझा आहे," ते म्हणाले. "माझ्याच नावावर राहू द्या."

चुईंनी घाईघाईने चष्मा चढवला. "फूंगसाहेब, अहो, मग ते तुम्हाला बोलावतील!"

"बोलावू देत. पेटी तरी जागेवर असेल."

लाय क्वानबाई खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग महाराजांकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे.

"चुईसाहेब," त्या म्हणाल्या, "त्या नावाशेजारी माझं नाव घाला. वाँग लाय क्वान."

"बाई, भलतंच काय! तुम्ही जिवंत आहात."

"हेही जिवंतच आहेत. निदान मघापर्यंत होते. ह्यांना चष्मा नाकावर असताना सापडत नाही. घरात मीठ कुठे असतं ते अजून ठाऊक नाही. तिकडे एकटे जाऊन एवढी पेटी सोडवून घेतील होय?" त्यांचा आवाज फुटला, तो त्यांनी दरडावून सावरला. "घाला नाव!"

"पण जोडीने अशी पद्धत नाही..."

"नाही तर आजपासून पाडा!"

पाणीपुरवठा खात्यातही चुईंना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने तीन उदबत्त्या पेटवून बाईंच्या हातात दिल्या. लाय क्वानबाई नवऱ्याच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. त्यांनी फूंगसाहेबांकडे बघितलंदेखील नाही. फूंगसाहेबांना मात्र इतकं भरून आलं की त्यांनी चोरून त्यांच्या बाहीचं टोक धरलं.

"महाराज," लाय क्वानबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माल आमच्या दोघांचा आहे. आम्हाला यायची काही घाई नाही, तोवर नीट सांभाळा, कुणाला हात लावू देऊ नका. आणि आल्या आल्या ती पेटी मी आवरायला घेणार आहे. निम्मा तर नुसता कचरा आहे त्यात."

फूंगसाहेबांनी बाही सोडली. मरणाची भीती अशी त्यांना आता उरली नव्हती. पण तिकडेही रद्दीवाला येतो का, हा प्रश्न त्यांना त्या क्षणी पहिल्यांदाच पडला, आणि तो चुईंना विचारायचं धैर्य त्यांना काही केल्या झालं नाही.